कानस

फॉर्मवर चार रकाने भरलेले, एक रिकामा.
रिकाम्याच्या डोक्यावर छापलंय:
वैकल्पिक विषय, कोणताही एक.
खिडकीतून पिंगळे बाई म्हणतात,
पेन्सिलने नको गं, पेनने भर,
आणि मंगळवारच्या आत.
एकदा वर पाठवलं की मग रडायला येऊ नको.

पायऱ्यांवर बसून आम्ही एकमेकांचे फॉर्म बघतो.
रुचिराने सुगम घेतलंय,
लॉन्सवाले तेच विचारतात म्हणून.
मुकुंदाने प्रकाशयोजना.
त्याला स्टेज आवडतं,
पण कुणी बघितलेलं आवडत नाही.
अन्वयाने पखवाज; घरी सांगितलंय, कथक.
मला सगळ्यांचंच पटत जातं.
सुगम लिहिते, खोडते,
रंगभूषा लिहिते, खोडते,
रकान्यातला कागद इतका पातळ झालाय
की धरला उजेडात तर पलीकडे
गंगापूर रोड दिसेल.

यादीत अगदी खाली, सतरावा: वाद्यदुरुस्ती.
तळमजला, खोली तीन, जिन्याखाली.
खैरनार सर उघड्या पेटीसमोर बसलेले,
भाता बाजूला काढून ठेवलेला,
फडक्यावर सूर ओळीने मांडलेले,
पितळेच्या बारीक जिभा.
मुलं किती, सर?
यंदा एक.
तीन झाली नाहीत तर खोली कॅन्टीनला जाईल.
हे तक्रारीसारखं नाही,
वेळापत्रकासारखं सांगितलं त्यांनी.
मग एक जीभ चिमट्यात धरली.
टोकाशी घासली की सूर चढतो,
मुळाशी घासली की उतरतो.
आणि जास्त घासली, सर?
मग सूरच नाही.

आमच्या घरच्या पेटीचा गांधार उतरलेला आहे.
रविवार कारंजावरून जुनी घेतली, तेव्हापासून.
दोन वर्षं मी त्याला सांभाळून गातेय,
घरातल्या लंगड्या माणसासोबत
चालताना आपण पाय जपून टाकतो, तशी.
कॉलेजात मग ओरडा बसतो: गांधार बघ, गांधार.

बाबा तीस वर्षं अंबडला लेथवर.
उजवा कान गेला, डावा अर्धा.
माझा पहिला यमन त्यांनी
खुर्चीच्या लाकडी हातावर तळवा ठेवून ऐकला
आणि घरी येताना स्कूटरवर म्हणाले,
मधे एकदा लाकूड थांबलं होतं गं.
तिथेच मी अडखळले होते.
परीक्षकांनीसुद्धा लिहिलं नव्हतं ते.

रात्री जेवताना मी ओरडून सांगितलं,
वाद्यदुरुस्ती घेऊ का?
वाट दुरुस्ती? बाबा म्हणाले,
सिंहस्थ आला का जवळ?
आई हसली, मग हसायची थांबली.
गायला घातलं हिला, म्हणाली,
आणि ही पेट्या सांधत बसणार.
फी कशाची भरतोय आपण?
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजून नाही.
मी भाताला भोक पाडून त्यात वरण ओतत राहिले.

बाबांनी हात धुतले.
पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली,
तेलकट चिंधी सोडवली
आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली
एक चपटी, बोटाएवढी कानस.
लागलो तेव्हाची आहे.
दात मऊ पडलेत, पण पितळेला चालेल.
पितळ म्हणाले ते.
म्हणजे पहिल्यांदाच बरोबर ऐकलं होतं.

कानस या शब्दात कान आहे,
हे मला तिथेच, उष्ट्या हाताने दिसलं,
आणि वाटलं, हे कुणाला सांगू नये,
फार जुळून येतंय.

सोमवारी पेनने लिहायला गेले
तर रकाना फाटला.
पिंगळे बाईंनी मागून चिकटपट्टी लावली,
चष्म्यावरून वाचलं, पुन्हा वाचलं,
नक्की ना? म्हणाल्या.
माझ्या दप्तरात चिंधी होती, तेलाचा वास येत होता.
मी म्हणाले, शिक्का मारा.

आता खोली तीनमध्ये आम्ही दोघं.
तिसरा हवाय, शुक्रवारपर्यंत.
मुकुंदाला सांगून बघते:
अंधारच हवा असेल तुला,
तर जिन्याखाली पुष्कळ आहे.